हिरव्या दोऱ्याचा डबा

माझी वहिनी गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. सकाळी सातला मशीनवर बसते ती पाचला उठते. दादाची पाळी दर आठवड्याला बदलते. आणि त्यांची आठ वर्षांची लेक, जिला आम्ही वकिलीणबाई म्हणतो, कारण उलटतपासणी घेतल्याशिवाय ती कुठलीही गोष्ट मान्य करत नाही. या वकिलीणबाईंना शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. तीन वर्षांची असताना शेजारणीने प्रेमाने एक बिस्कीट दिलं आणि दहा मिनिटांत पोरीचे ओठ निळे पडले. तेव्हापासून वहिनी कोणाच्याही प्रेमावर विसंबत नाही.

रोज ताजं रांधायला वेळ कुठे? म्हणून रविवारी दुपारी ती आठवड्याचं सगळं करून डब्यांत भरते. गरम केलं की पाच मिनिटांत जेवण. लेकीच्या डब्याच्या कडीला हिरवा दोरा. तोही अन्न भरून झाल्यावर, स्वतःच्या हाताने. आणि तो दोरा लेकीनेच कात्रीने कापायचा, हा घरचा कायदा. मी एकदा चेष्टेत म्हटलं होतं, "वहिनी, हे जेवण आहे की तिजोरी?" ती हसली नव्हती.

त्या आठवड्यात मी मदतीला म्हणून राहायला गेले. मला स्वस्थ बसवत नाही, हा माझा जुना रोग. बुधवारी लेकीचे रिकामे डबे घासूनपुसून झाकणं उघडी ठेवली आणि वहिनीचं रविवारचं काम वाचावं म्हणून तिच्या रिळातला हिरवा दोरा सगळ्या कड्यांना बांधूनही टाकला. वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

गुरुवारी दुपारी लेक शाळेतून आली. फ्रीज उघडला तर एक हिरव्या दोऱ्याचा डबा समोरच.

"हा घे, बशीत काढून गरम कर. मी वाळलेले कपडे काढून आणते," म्हणून मी गच्चीवर गेले.

तिथे वहिनीचा फोन आला. "अगं, तिच्यासाठी थोडा भात टाक. या आठवड्यात तिचे डबे कालच संपले."

"संपले कुठे? एक आहे की. हिरव्या दोऱ्याचा."

पलीकडे मशीनचा आवाज थांबला.

"मी बांधलेला नाही तो," वहिनी म्हणाली. "पळ. इंजेक्शन फ्रीजवर आहे, लाल पाकिटात. पळ ना!"

हातातले कपडे कुठे पडले, मला आठवत नाही. तीन जिने उतरताना मी तिला हाका मारत होते. माझ्या हाताने मारली पोरीला, एवढंच डोक्यात होतं.

वकिलीणबाई स्वयंपाकघरात हाताची घडी घालून बसल्या होत्या. समोर डबा, बंद. बाजूला कात्री.

"खाल्लंस? बोल, खाल्लंस का?"

"नाही. आत्या, ही गाठ आईची नाही. ही सुरगाठ आहे. आई निरगाठ मारते."

मी डबा तिच्यापुढून उचलला. आरडाओरडा ऐकून दादा झोपेतून उठून आला आणि डबा बघून पांढराफटक पडला. सकाळी पाळीवरून येताना त्याने नूडल्स आणल्या होत्या, शेंगदाण्याच्या सॉसमधल्या. अर्ध्या झोपेत हाताला लागला तो डबा घेऊन उरलेल्या त्यात ओतल्या. कडीकडे बघितलंच नाही. कसा बघणार? रिकाम्या डब्याला कधी दोरा असतो का त्या घरात?

वहिनी वीस मिनिटांत आली, गळ्यातली टेपसुद्धा काढली नव्हती. तिने लेकीचे ओठ पाहिले, जीभ पाहिली, मग तिला पोटाशी धरून ढसाढसा रडली. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिने रीळ माझ्यापुढे ठेवलं. "शीक आता."

मी बांधत गेले आणि वकिलीणबाई नापास करत गेल्या. नवव्या वेळी तिने गाठ ओढून पाहिली, उजेडात धरली.

"ही जमली," ती म्हणाली. "पण मी खाणार आईने बांधलेलंच."

मी मान डोलावली आणि रीळ वहिनीला परत दिलं.