नळीतून न निघालेला धूर

त्या कार्यशाळेसाठी मलाच का बोलावलं, याचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. ग्रामसेविका आमच्या क्वार्टरवर आली, चहा प्यायली, आणि वडिलांना म्हणाली की इंग्रजी येणारी घरंदाज मुलगी हवी आहे. शिकवायला येणाऱ्या बाई दक्षिणेकडच्या आहेत, त्यांना हिंदी जेमतेम येतं, मराठी अजिबात नाही. जवाहरनगरच्या कारखाना-वसाहतीत इंग्रजी येणाऱ्या मुली काही कमी नव्हत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी माझ्यापेक्षा धीट होत्या. पण कार्यशाळेचं गाव मोहाडीच्या पलीकडचं, म्हणजे आमचंच. तिथे वडिलांचे थोरले भाऊ राहत. त्यांना आम्ही मोठेबाबा आणि त्यांच्या बायकोला मोठीमाय म्हणायचो. बाहेरच्या बाईला गावात शिरायला एक ओळखीचं दार हवं होतं आणि ते दार मी होते, हे मला तेव्हाच कळलं.  पण मी सहसा बोलत नसे.

ऐंशी सालानंतरचा एक हिवाळा होता. धानाची मळणी उरकली होती, शेतातल्या बांध्या रिकाम्या पडल्या होत्या. कार्यशाळा समाजमंदिरात. घर हिवाळ्यात उबदार कसं राहतं, उन्हाळ्यात थंड कसं ठेवायचं, आतली हवा कशी बदलते, लाकूडफाटा कमी कसा लागेल, असे सगळे विषय होते. पण मुख्य काम एकच, बिनधुराची चूल. शिकवणाऱ्या बाईंनी, त्यांना सगळे मॅडमच म्हणत, भिंतीवर एक मोठं चित्र लावलं. मधोमध कापलेलं घर. कवेलूंचं छप्पर, खाली चूल, आणि लाल बाण वर जाणारे, निळे बाण खिडकीतून आत येणारे.

बायका भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. चित्राकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष बाहेर उभ्या असलेल्या जीपकडे होतं.

"जीप काहून आली वं?" एकीने दुसरीला विचारलं, पण मला ऐकू जाईल अशा बेताने.

"चूल दाखवतीन अन् मंग ऑपरेशनच्या कागदावर अंगठा घेतीन."

काही वर्षांपूर्वी अशाच जीपा नसबंदीसाठी माणसं न्यायला येत, तेव्हा पुरुष धानात जाऊन लपत, हे मी घरी ऐकलं होतं. मॅडमनी मला विचारलं, त्या काय म्हणताहेत? मी म्हटलं, त्या गाडीबद्दल विचारताहेत. हे खोटं नव्हतं.

मॅडमनी सांगितलं की चुलीमागे नळी बसवली की धूर घराबाहेर जाईल. मी ते मराठीत सांगितलं. माझ्या मराठीला कुणीतरी मागून हसलं.

"धूर बाहीर गेला तं मच्छर कोन हाकलीन?" एक म्हातारी म्हणाली. "तुम्ही येसान का रोज दिवे लागनीले?"

बायका हसल्या. मॅडमही हसल्या, काय झालं ते न कळता. मग त्या गंभीरपणे बोलू लागल्या. चुलीच्या धुराने डोळे जातात, छाती भरते, बाईला वर्षानुवर्षं खोकला राहतो आणि घरच्यांना वाटतं की हा दुसराच काही आजार आहे. हे वाक्य मराठीत सांगताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण बायकांत बसलेल्या मोठीमायने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

खोकला आमच्याच घरात होता. मोठीमायची सून, माझी चुलतवहिनी, लग्न होऊन आली तेव्हा चांगली होती. त्या वर्षी ती खोकत होती. चुलीपुढे बसली की खोकायची, उठली तरी खोकायची. मी त्यांच्याच घरी उतरले होते आणि आल्या दिवशीच एक गोष्ट पाहिली. मांडणीवरचे पेले सगळे सारखे चकचकीत होते, आणि एक पेला, काठाला पोचा आलेला, खाली कोपऱ्यात वेगळा ठेवलेला होता. वहिनी त्याच पेल्यातून पाणी प्यायची. त्या आजाराचं नाव घरात कुणी घेत नव्हतं. दवाखान्यात गेलं तर नाव पडेल आणि गावभर होईल, म्हणून कुणी दवाखान्यातही नेत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातच मी मोठीमायचा आवाज ऐकला. ती मोठेबाबांना सांगत होती, "होळीपरयंत पाहू. नाही तं माहेरी धाडू. तिचे मायबाप पाहतीन काय हाय ते."

मला माहीत होतं, माहेरी धाडणं म्हणजे काय. आमच्या नात्यात एक बाई अशीच 'बरं वाटेपर्यंत' गेली होती.

म्हणून मॅडमनी विचारलं, नमुन्याची चूल कुणाच्या घरी बसवायची, आणि सगळ्या बायका जमिनीकडे बघू लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "आमच्या घरी." आधी इंग्रजीत म्हटलं, मग मराठीत.

घरी जाताना मोठीमाय माझ्या पुढे चालत होती. मागे न वळता तिने विचारलं, "तुह्या बापानं शिकवून पाठवलं का तुले?"

"नाही, मोठीमाय."

"मंग तुले कायले पंचाईत माह्या चुलीची?"

 पण तिने नकार दिला नाही, आणि मला त्याचाच अधिक संशय आला. मोठीमाय पटत नसलेल्या गोष्टीला सरळ नाही म्हणणारी बाई होती.

चूल बायकांनीच घातली. माती, शेण आणि धानाचा कोंडा तुडवून, हाताने थापून. जाळ घालायला एक तोंड, वर दोन भांडी बसतील अशा दोन जागा, आणि मागून कवेलूंतून वर गेलेली सिमेंटची नळी. चूल वाळली त्या सकाळी मोठीमायने जुन्या चुलीला हळदकुंकू वाहिलं, तिच्यातला निखारा चिमट्याने उचलून नव्या चुलीत ठेवला, आणि मगच जुनी मोडू दिली. पहिल्या दिवशी सैपाकखोली इतकी स्वच्छ होती की भिंतींवरची काजळी मला पहिल्यांदा नीट दिसली. वहिनीने भाकरी थापली. डोळे न पुसता. ती एकदा माझ्याकडे पाहून हसली, आणि तिने लगेच वर बघितलं.

वर, चुलीच्या बरोबर डोक्यावर, आडव्या बांबूला एक टोपली टांगलेली होती. शेणाने लिंपून तोंड बंद केलेली. पुढच्या पेरणीचं बियाणं. ती टोपली दरवर्षी तिथेच असायची आणि तिला हात फक्त मोठीमाय लावायची. मी लहानपणापासून ती पाहत आले होते, म्हणून तिच्याकडे बघायचं मला सुचलं नाही.

दोन-तीन दिवसांनी धूर परत आला. आधी थोडा, मग पूर्वीसारखा. वहिनी पूर्वीसारखीच खोकू लागली. मोठीमाय ओसरीवरून म्हणाली, "पाहा. चूल नवी, खोकला थोच." म्हणजे तिच्या मते खोकला धुराचा नव्हता, आजाराचाच होता. होळी काही लांब नव्हती.

मी परसात गेले. आत स्वयंपाक चालू होता, कवेलूंच्या फटींतून धूर झिरपत होता, आणि नळीच्या तोंडातून काहीच येत नव्हतं. छपरावर सुकत घालायच्या वस्तू चढवायची शिडी एरवी गोठ्याच्या भिंतीला असायची. ती आता सैपाकखोलीच्या भिंतीला लावलेली होती.

त्यानंतर मी मोठीमायवर नजर ठेवली. ती परसात गेली की मी पाणी आणायच्या निमित्ताने जायची. ती शिडीजवळ थांबली की मी थांबायची. तिला सून नको आहे, हे माझ्या मनाने ठरवूनच टाकलं होतं. चूल नीट चालली तर सुनेला धाडायला कारण उरणार नाही, म्हणून तिने नळी बुजवली. सगळं जुळत होतं. मी घरच्या कुणालाच काही बोलले नाही. कुणाच्या घरात राहून त्याच्याविरुद्ध बोलायचं नसतं, आणि मला धीरही नव्हता. मी फक्त मॅडमना म्हटलं की आमची चूल एकदा तपासा.

त्या तपासणीला सगळा वर्ग घरी आला. सैपाकखोलीत उभं राहायला जागा उरली नाही. मॅडमनी चुलीत जरासा जाळ केला, उदबत्ती पेटवली आणि चुलीच्या तोंडाशी धरली. नळी मोकळी असेल तर उदबत्तीचा धूर आत ओढला जातो, हे त्यांनी समाजमंदिरात शिकवलं होतं. इथे धूर सरळ वर गेला, मग मॅडमच्या हातावर, मग बायकांच्या तोंडावर. मॅडमनी जाळ विझवला. त्यांचा चेहरा बदलला. त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, "कुणीतरी नळी मुद्दाम बंद केली आहे. यांना विचार, कुणी केली."

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी मोठीमायकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पकडलं गेल्याचं काही दिसेल, असं मला वाटत होतं. पण मोठीमाय माझ्याकडे बघतच नव्हती. ती वहिनीकडे बघत होती. आणि वहिनी वर, टोपलीकडे.

एवढं पुरे होतं. मी म्हटलं, "मॅडम म्हणतात, नळीत काहीतरी अडकलं आहे. काढावं लागेल."

"पाखराचं घर असन," एक बाई म्हणाली.

"चार दिसांत? पाखरू हाय का गवंडी?"

हशा पिकला. त्या हशातच मोठीमाय म्हणाली, "मीच पाहतो." सुनेने "आई, मी जातो" म्हटलं, तर ती तिला अडवून बाहेर गेली. त्या वयात शिडी चढली. आम्ही सगळ्या परसात उभ्या राहिलो. तिने नळीत कोपरापर्यंत हात घातला, काहीतरी ओढलं आणि पदराखाली घेतलं. एक मूठ तणस, धानाचा पेंढा, मात्र सगळ्यांना दिसेल अशी खाली टाकली.

"पाखरूच होतं," ती म्हणाली.

ती उतरताना पदराखालून लोंबणारं टोक मी पाहिलं. निळ्या लुगड्याचं, बारीक पिवळ्या काठाचं. तो काठ मी वहिनीच्या अंगावर पाहिला होता. आणखी कुणी पाहिला की नाही, मला सांगता येणार नाही. मॅडमनी पुन्हा जाळ करून उदबत्ती धरली. धूर वाकला आणि चुलीच्या तोंडात शिरला.

दुपारी वहिनी तांदूळ पाखडत होती. मी तिच्याजवळ बसले. मी काही विचारलं नाही, तरी ती सुपावरून नजर न काढता बोलली.

"बियाण्याले धूर नाही भेटला तं कीड लागते, बाई. नवी चूल आली अन् धानाचे पऱ्हे नाही उगवले, तं कोनाचं नाव निघन? तुमचं का? तुम्ही तं जवायनगरले जाऊन राहिल्या."

"पण खोकल्यासाठी ते तुला माहेरी पाठवतील."

"खोकल्यानं गेली तं लोक म्हनतीन, बिमार होती. घरचं बियाणं खाऊन गेली तं काय म्हनतीन?"

 मॅडमच्या चित्रात लाल बाण होते, निळे बाण होते. टोपली नव्हती. ती चित्रात काढायला हवी हे त्यांना कोण सांगणार होतं? टोपली मला माहीत होती आणि बाण मॅडमना.

संध्याकाळी मोठीमायने स्टूल घेतलं, टोपली सोडवली आणि गोठ्यात नेली. गोठ्यात रोज दिवेलागणीला जनावरांच्या अंगावरचे मच्छर जावेत म्हणून कडुनिंबाचा पाला आणि गोवऱ्या धुमसवत. तिथल्या आडव्या बांबूला तिने टोपली बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग दारात उभ्या असलेल्या सुनेला म्हणाली, "आता बियाण्याचं मी पाहतो. तू चूल पाहा." आणखी काही नाही. त्या लुगड्याच्या तुकड्याबद्दल त्यांच्यात बोलणं झालेलं मी तरी ऐकलं नाही.

मी जवाहरनगरला परतले. होळी झाली. खोकला ओसरू लागल्यावर मोठेबाबा सुनेला भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन आले आणि आमच्याकडे उतरले. छातीचा फोटो साफ निघाला. खोकला पूर्ण गेला नव्हता, पण तिला माहेरी धाडायचं कुणी बोललं नाही. परत जाताना वहिनीने आमचा गॅस पेटवून बघितला, नाक जवळ नेऊन, आणि म्हणाली, "याचा तं वासच येते, धूर कुठी जाते?"

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी गावी गेले. पऱ्हे दाट आले होते. बांधावर शेजारीण म्हणाली, "बियाणं चांगलं उगवलं वं. गोठ्यातलंच का?"

"घरचंच," मोठीमाय म्हणाली.

मी घरात आले तेव्हा मोठीमायच्या खोलीच्या कोपऱ्यात, पलंगाखाली, आणखी एक टोपली दिसली. तशीच लिंपलेली, पण शेण वेगळ्या हाताचं, आणि आता फोडलेली, रिकामी. तिच्या माहेरून मागवलेल्या बियाण्याची असावी. म्हणजे तिने कुणावरच भरवसा ठेवला नव्हता. मॅडमच्या नळीवर नाही, आणि आपल्या गोठ्यावरही नाही. शेतात पेरलं ते कोणत्या टोपलीतलं, हे तिने कुणालाच कळू दिलं नव्हतं. ते सुनेला वाचवायला की पेरणीला, हे मी बराच वेळ तिथे उभी राहून ठरवत होते.

मग मी मांडणीकडे पाहिलं. पोचा आलेला पेला कोपऱ्यात नव्हता. बाकीच्यांच्या रांगेत होता. चुलीपुढे वहिनी खोकत नव्हती. मोठीमाय शेतातून आली, हात धुतले, रांगेतला हाताला आला तो पेला घेतला, तोच, आणि घटाघटा पाणी प्यायली. पण ती पहिल्यापासूनच पेल्याला तोंड न लावता वरून पाणी पिणारी. त्यामुळे मला खात्रीने काही सांगता येत नाही.