पिकअप मागितला, पिकअप आला

मंडळी, भंगारातलं इंजिन बसवून मी घरीच बांधलेल्या गाडीतून आज बायको पहिल्यांदा माहेरी, कोंडाण्याला निघाली. मेव्हणे माझ्या गाडीला ‘पत्र्याची पेटी’ म्हणतात. त्यांच्या दारात आज ऐटीत उतरायचं होतं.

त्यासाठी प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, नवा एअर फिल्टर घातला. फार खर्च नाही, पण इंजिन मस्त बोलायला लागलं.

आणि गावाजवळच्या चढावर धापा टाकत बंद पडलं!

भिसेगावच्या मेकॅनिकला फोन लावला. “अरं, चढ हाय, गाडीला पिकअप पायजे!”

“पाठवतो काका!” म्हणाला. थोड्या वेळात दोरखंडासकट पिकअप टेंपो हजर!

बायको हसून बेजार. गाडीतली माहेरची भेट, तांदळाची गोण आणि दोन फणस, टेंपोत चढवून स्वतःही सरळ तिथंच जाऊन बसली. “तुमी या मागनं, दोरीला लटकत!”

मी रागानं स्टार्टर मारला. गाडी एका दमात चढली, टेंपोच्याही पुढं! थेट दारात जाऊन थांबली, मेव्हणे बघतच राहिले.

मागून आलेल्या टेंपोतून बायको उतरली. कौतुकानं म्हणाली, “अगंबाई! आता कशी हो चढली?”

गाडी हलकी झाली होती, एवढंच. पण मंडळी, तिला सांगताना गोणीचं नाव घेऊ की फणसाचं?