पारावरचा आवाज

मी मोबाईलवरची ॲप्स लोकांना कशी वापरता येतील ते ठरवते. नवं काम असं होतं की, फोन हातात घेऊन गावातून चालायचं आणि ज्या जागी पोचाल तिथली गोष्ट आपोआप ऐकू येईल. चाचणीसाठी मी महागावजवळचं आमचंच गाव घेतलं. पाराभोवती नकाशावर एक गोल आखला आणि त्यात बाबांचा आवाज ठेवला. बाबा वारले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात ते पारावर बसून विहिरीची हकीकत सांगत होते, तेव्हा मी तो टिपून घेतला होता.

आईला तो ऐकायचाच होता. फोन घेऊन ती गेली आणि तशीच परत आली.

"मले तं काहीच आयकू नाही आलं."

फाइल घरीही लावता आली असती, पण जागेवरच ऐकायचं हा माझा हट्ट. मी सेटिंग तपासली, पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. मी गेले की बाबा बोलायचे, आई गेली की गप्प. माझं डोकं भंजाळून गेलं. शेवटी तिच्याबरोबर निघाले, तर ती पाराच्या अलीकडेच मागच्या बोळीत वळली.

"इकडून काहून?"

"पारावर माणसं बसतात. आमी बाया इकडूनच जातो."

लहानपणी मी त्याच पारावर खेळले होते, आणि हे मला कधी दिसलंच नव्हतं. पार रिकामा होता. मी तिला हाताला धरून वर नेलं. बाबा बोलायला लागले. आईनं डोक्यावर पदर घेतला, जरा वेळ ऐकलं आणि खाली उतरून बोळीत जाऊन उभी राहिली. बाबा होते तेव्हा त्यांना जेवायला बोलवायला आली की ती तिथंच थांबायची. बोलणं संपलं म्हणजे ते उठले, एवढं तिला कळायचं; मग ती पुढं निघायची आणि ते मागून यायचे.

तिच्या हातातला फोन गोलाबाहेर गेला आणि आवाज तुटला.

गोल मोठा करावा, की बोळीत हलवावा, की सगळंच पुसून टाकावं, याचा विचार करत मी खाली उतरले. आई तोवर सवयीनं घराकडे चालू लागली होती. माझी पावलं ऐकून तिनं लगबगीनं मागं वळून पाहिलं. मागं मी होते.