मंगळवारची नावं

अक्का बसमध्ये चढल्या की आधी शेजारच्या बाईला तिचं नाव विचारत आणि मग बसत. जागा मिळाली नाही तरी विचारत. एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हातात कंडक्टरला दाखवायचं आधार कार्ड, काखेत पिशवी आणि तोंडात एकच प्रश्न, "निम्म हेसरु एनु?" तुमचं नाव काय? समोरची बाई आधी दचकायची, मग पदर सारखा करायची आणि नाव सांगायची. बऱ्याच दिवसांत तिला ते कुणी विचारलंच नव्हतं, असं तिच्या तोंडाकडे बघून वाटायचं.

मी निपाणीकडची. नवऱ्याला बेंगळुरात बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून आम्ही इकडे आलो. एका ओळीत खोल्या, समोर एक नळ, मागे सगळ्यांची मिळून न्हाणी. याला इथे वठार म्हणतात. मी खोलीबाहेर फारशी पडतच नसे. दुकानात गेले तर बोट दाखवून सामान घ्यायची. मला कानडी येत नव्हती हे खरं, पण मराठीत तरी मी कुठे बोलत होते!

अक्का ओळीतल्या शेवटच्या खोलीत राहायच्या. एकट्याच. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. कपड्यांच्या कारखान्यात हात चालेनासे झाल्यावर घरी साड्यांना फॉल लावून द्यायच्या. जन्म इथल्याच चिकपेटेतला. "आमचे लोक फौजेबरोबर घोड्यावरून आले बेंगळुरात," असं त्या सांगत. "आणि त्यांची नात बघ, फुकटच्या बसमधून हिंडते." त्यांची मराठी अर्धी कानडी होती, 'थोडं'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी'. पहिल्या आठवड्यात नळावर त्यांनी मला गाठलं.

"नाव काय गे तुझं?"

"पहिल्या खोलीत राहतात ना, त्यांची बायको मी."

"तो पत्ता झाला. नाव सांग."

"शेवंता."

"स्वल्प जोरात सांग की. नळ चालू आहे, मला काय ऐकू येतं?"

मी जोरात सांगितलं. नळावरच्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. अक्का मात्र कळशी उचलून चालू लागल्या, जणू एक काम उरकलं.

बायकांना साध्या बसमध्ये तिकीट लागेनासं झालं, तेव्हा वठारातल्या पुरुषांनी खूप विनोद केले. अक्कांनी विनोद केला नाही, त्यांनी वार ठरवला. सोमवारी पाण्याचा टँकर यायचा, भांडी भरलेली असायची, म्हणून मंगळवार. स्वयंपाक उरकून आम्ही चौघी निघायचो. अक्का, मी, माझ्या शेजारची सुमन आणि पलीकडची गौरम्मा. सुमन सोलापूरकडची, जिभेने तिखट. गौरम्मा इथलीच, कमी बोलणारी, पण हसली की सगळं अंग हलायचं. माझा नवरा म्हणायचा, "फुकट आहे म्हणून गाव उंडारायला निघाल्या." अक्का दारातूनच उत्तर द्यायच्या, "अण्णा, तुमचं गाव नाही फिरत हो, आमचंच फिरतोय. संध्याकाळी परत आणून सोडते तुमची बायको, होती तशी."

होती तशी त्यांनी मला कधी परत आणलं नाही.

त्यांचा एक नियम होता. जिथे जाऊ तिथल्या एका माणसाचं नाव घेऊन यायचं. देवळं, तळी, बाजार बघा, खा, बसा, पण परतीच्या बसमध्ये प्रत्येकीने आपण आणलेलं नाव सांगायचं. आणि दुसऱ्याचं नाव मागण्याआधी आपलं द्यायचं. "आपलं न देता मागितलं तर ती चौकशी झाली," अक्का म्हणायच्या. "पोलीस करतात तशी."

पहिल्यांदा त्यांनी आम्हाला फुलांच्या बाजारात नेलं. ती गर्दी, ते ओरडणं, पायाखाली चिखल आणि पाकळ्या. मला रडू यायला लागलं. अक्कांनी मला एका फुलवालीसमोर उभं केलं आणि आपण मागे सरकल्या. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मी शेवंता." फुलवालीने माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या पिवळ्या शेवंतीच्या ढिगाकडे बघितलं आणि एवढ्या मोठ्याने हसली की शेजारच्या दोघी उठून आल्या. "अय्यो, मी सकाळपासून तुलाच विकतेय!" असं काहीतरी ती कानडीत म्हणाली. गौरम्माने सांगितलं तेव्हा मला कळलं, आणि मग मीही हसले. तिचं नाव मंजुळा. परतीच्या बसमध्ये मी ते नाव सांगितलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "झालं. आता या बाजारात तू कधी हरवायची नाहीस."

पुढच्या खेपेला सुमनने पण मंजुळाचंच नाव सांगितलं. अक्कांनी ते घेतलं नाही. "शिळं आहे," म्हणाल्या. "शेवंताच्या ताटातलं उचलू नको."

बेळ्ळंदूरला गाड्यांच्या कोंडीत बस तासन्‌तास एका जागी उभी राहायची. बाकीचे लोक कपाळाला हात लावायचे. अक्का खूश व्हायच्या. बस थांबली की त्या पुढच्या सीटवर, मग मागच्या सीटवर. तिथल्या उंच इमारतींत कामाला जाणाऱ्या बायका त्यांना नावाने ओळखायला लागल्या होत्या. कोणाची मुलगी शाळेत पहिली आली, कोणाच्या नवऱ्याने पुन्हा सुरू केली, सगळं अक्कांना ठाऊक. एका बाईला काम हवं होतं, दुसरीच्या मालकिणीला बाई हवी होती. अक्कांनी ते तिथल्या तिथे जमवून दिलं. आता हे आठवतं तेव्हा वाटतं, या शहरात इतकी माणसं त्यांनी एकमेकांना जोडून दिली, त्या सगळ्यांचं नंतर काय झालं? सगळे आपापल्या स्टॉपवर उतरून गेले.

देवनहळ्ळीला किल्ला बघायला गेलो, तेव्हा एका शेताच्या कडेला रत्नम्मा नावाची बाई चकोत्रं, म्हणजे पपनसं, विकत होती, डोक्याएवढी मोठी. अक्कांनी तिला नाव विचारलं, तिने आम्हाला एक फोडून दिलं. दुसऱ्या वर्षी गेलो तर शेताच्या जागी कमान आणि फाटक, आत आखलेले प्लॉट. रत्नम्मा गणवेश घालून आत रस्ता झाडत होती. अक्कांनी फाटकाबाहेरून हाक मारली, "रत्नम्मा!" तिने वर बघितलं, ओळखलं, हात अर्धा उचलला आणि पुन्हा झाडायला लागली. फाटकावरचा माणूस म्हणाला, "इथं थांबू नका." परतताना कुणीच नाव सांगितलं नाही. अक्का खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाल्या, "तिला नाव अजून आहे, तेवढं तरी कळलं."

मी एकदाच त्यांना विचारलं होतं. "अक्का, तुमचं नाव काय?" त्या दोरा दातांनी तोडत होत्या. म्हणाल्या, "अक्का म्हटलं की बेंगळुरात कुठल्याही दारात जाता येतं. मग नाव कशाला वापरून झिजवायचं?" मी हसले. परत विचारलं नाही. मला वाटलं, सुमनला ठाऊक असेल. सुमनला वाटलं, गौरम्माला ठाऊक असेल.

एका बुधवारी अक्का एकट्याच दोरे आणायला गेल्या होत्या. दुपारी सुमनचा फोन वाजला. कंडक्टर बोलत होता. अक्का त्याला ओळखायच्या, अर्थात नावाने. त्यांच्याच फोनवरून त्याने शेवटचा नंबर लावला होता. "तुमच्या अक्का बसमध्ये पडल्या. मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचवलंय." आम्ही तिघी होतो तशा निघालो.

दवाखान्यात टेबलामागच्या माणसाला गौरम्माने विचारलं, "अक्का कुठे आहेत?"

तो म्हणाला, "इथं सगळ्या अक्काच आहेत. नाव सांगा."

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. असं बघणं मी आयुष्यात कधी विसरणार नाही. सुमन म्हणाली, "बोम्मसंद्र्याच्या. फॉल लावतात साड्यांना." मागे लांब रांग होती. तो म्हणाला, "वॉर्ड चार वाजता उघडेल, तेव्हा आत जाऊन बघा. तोवर बसा. कुणाला बोलवायचं असलं तर नर्स बाहेर येऊन हाक मारते."

आम्ही बाकावर बसलो. दार उघडायचं, नर्स कुणाचं तरी नाव घ्यायची, कुणीतरी धावत आत जायचं. मग ती आली आणि म्हणाली, "अंबुजाबाई! अंबुजाबाईंकडचं कोण आहे?" कुणी उठलं नाही. ती आत गेली. थोड्या वेळाने पुन्हा आली, या वेळी जरा घाईने. "अंबुजाबाई?" सगळे इकडेतिकडे बघायला लागले. आम्हीही बघितलं. सुमन चुकचुकली. "बिचारीचं कुणीच दिसत नाही," ती म्हणाली.

गौरम्माने मान हलवली. मीही हलवली.

चार वाजता दार उघडलं. आम्ही एकेक खाट बघत गेलो. अक्का खिडकीजवळच्या खाटेवर होत्या आणि चादर तोंडावरून घेतलेली होती. पायांवरून ओळखलं मी. उजव्या अंगठ्यावर शिवणाच्या मशीनचा घट्टा होता. नर्स चिडली नव्हती, थकली होती. म्हणाली, "अहो, मी कितीदा हाक मारली. शुद्धीवर होत्या त्या. माझ्या बायका बाहेर आल्या असतील, बोलवा, म्हणत होत्या."

माझ्या बायका. आम्ही दाराच्या पलीकडे बसलो होतो. दोन भिंतींचंही अंतर नव्हतं.

तिने आमच्या हातात पिशवी दिली. वरच ते कार्ड होतं. दर मंगळवारी अक्का ते हातात धरून बसायच्या, कंडक्टर येईपर्यंत. मी शेजारी, खिडकीच्या बाजूला. मला कानडी आणि इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, माझी शाळा मराठी चौथीपर्यंतची. पण सुमनला येतात. तिने ते तिथे उभ्या उभ्या वाचलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या तिखट जिभेला त्या दिवसापासून धार राहिली नाही, की मलाच तसं वाटतं, ठाऊक नाही.

वठारातल्या मुलांनी अक्कांचा फ्लेक्स लावायचा ठरवला. बसस्टॉपसमोर, चांगला मोठा. वठाराच्या मालकाचा मुलगा पुढे होता. मी त्याच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी गेले, त्याच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, "अण्णा, त्यावर अंबुजाबाई घाला."

तो म्हणाला, "कोण अंबुजाबाई?"

"अक्का."

"मग अक्काच घालतो की. अंबुजाबाई घातलं तर कोण ओळखणार? लोक विचारतील, ही कोण बाई?" त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तू कशाला मध्ये पडतेस? आणि तुला बोलायला कधीपासून यायला लागलं?"

फ्लेक्स लागला. मधे अक्कांचा फोटो, एका मंगळवारी भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेत काढलेला, तोंडात शेंग. खाली मोठ्या अक्षरात 'अक्का'. आणि त्याखाली फ्लेक्स लावणाऱ्या मुलांचे छोटे छोटे फोटो, ओळीने, प्रत्येकाखाली त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरासकट. सुमनने मला ती सगळी नावं वाचून दाखवली. जिने उभ्या शहराची नावं गोळा केली, तिच्या फोटोखाली सगळ्यांची नावं होती, तिचं सोडून. महिन्याभरात त्यावर देवनहळ्ळीच्या प्लॉटची जाहिरात चढली.

मंगळवार बंद झाले. बस अजून फुकट आहे. "कुणाबरोबर जायचं?" असं सुमन म्हणते. मी एकटी जाते कधीकधी. शेजारच्या बाईला आधी माझं नाव सांगते. बहुतेक जणींच्या कानात वायर असते. त्या एका कानातली काढतात, मला बस कुठे जाते ते विचारायचं आहे असं समजून स्टॉप सांगतात आणि वायर परत घालतात.

अक्कांच्या खोलीत आता एक नवीन मुलगी आली आहे. विजापूरकडची, लग्न होऊन चार महिने झालेली. कानडी तिचीच, तरी दुकानात बोट दाखवून सामान घेते. परवा नळावर तिने मला विचारलं, "अक्का, पाणी किती वाजेपर्यंत असतं?"

मी कळशी खाली ठेवली. म्हटलं, "हे बघ, मी अक्का नाही. माझं नाव शेवंता. तुझं नाव काय?"

तिने इकडेतिकडे बघितलं, लाजली, मग हळूच नाव सांगितलं. "रूपा."

"जोरात सांग. नळ चालू आहे."

"रूपा!"

"आता माझं सांग. काय सांगितलं मी?"

ती पदराआड हसली. वयाने एवढ्या मोठ्या बाईला नावाने कसं बोलवायचं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. माझ्याकडे न बघता तिने कळशी उचलली.

"सरी, अक्का," म्हणाली, आणि गेली.