पोपटाची पावडर

आमच्या शेजारच्या शिवणवाल्या वहिनी सकाळी मशीनवर बसत, त्या दिवेलागणीलाच उठत. नवरा गेल्यापासून घरात तीनच जीव: वहिनी, ऐंशी उलटलेले सासरे आणि नवऱ्याने हौसेने आणलेला पोपट. हौस त्याची, निस्तरणं वहिनींच्या गळ्यात.

पोपट वर्षानुवर्षं सूर्यफुलाच्या बियांवर जगलेला. पुढे त्याची पिसं विस्कटली, नाकपुड्या चोंदल्या. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बियांनी पोट भरतं, पण अंगी लागत नाही. याला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडलंय." त्यांनी पावडरचा डबा दिला. रोज चिमूटभर, उकडलेल्या गाजरावर.

वहिनी आता अर्धा तास आधी उठू लागल्या. गाजर उकडायचं, कुस्करायचं, पावडर भुरभुरायची, आणि पोपटाने मान फिरवायची. "खा रे बाबा, हात जोडते," त्या म्हणत. तिसऱ्या आठवड्यात तो एकदाचा खाऊ लागला.

पण महिना होतो न होतो तोच तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पिसं फुगवून बसला. सारखं पाणी प्यायचा. वहिनींनी डबा उघडला, तर तीन महिन्यांची पावडर तळाला गेलेली.

"अण्णा, तुम्ही घालता का यातली?"

"दुपारी घालतो की," सासरे म्हणाले. "शिवाय माझी हाडांची गोळी, अर्धी कुटून. ताकद नको का त्याला?"

"मला विचारायचं तरी!"

"तू मान वर करशील तेव्हा विचारीन ना."

वहिनींना राग आला, मग हसू आलं, मग काहीच येईना. त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळं बंद केलं. "कमी पडलं तरी आजार, जास्त झालं तरी आजार. काही जीवनसत्त्वं अंगात साठत जातात." कातडीखाली सलाइन देण्यासाठी वहिनी चार दिवस पोपटाला फडक्यात गुंडाळून नेत राहिल्या. शिवायचे कपडे तुंबले. गिऱ्हाइकं कुरकुरली. पोपट वाचला. एका पंखाची पिसं मात्र धड आलीच नाहीत.

पुढे पावडर सुरू झाली, ती आठवड्यातून दोनदाच. ते काम सासऱ्यांनी मागून घेतलं. थरथरत्या हातांनी गाजर कुस्करायला त्यांना तासभर लागे. वहिनींची झोप काही वाढली नाही; सवयीने डोळे उघडतच. पण आता त्या खिडकीशी रिकाम्या हातांनी बसत.

"खातोय का?" त्या बसल्या जागेवरून विचारत.

"खातोय. तू चहा घे."