बाभळीवरच्या गेरूच्या खुणा

मंडळी, आज सकाळी मी जे केलं ते तोंडानं सांगवत नाही, म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर लिहून राह्यलो.

पहाटच्या वादळात माह्या आवारातली बाभूळ शेजारच्या करीमचाचाच्या घरावर आडवी झाली, दार फांद्यांनी बुजलं. चाचा कापूस पिंजतात, घरात एकटेच राह्यतात.

उजाडताच मी गेरू घेऊन पोचलो. बाभळीचं लाकूड शेतीच्या अवजारांले पक्कं. कोणी नेऊ नये म्हणून वितीनं मोजून खोडावर खुणा केल्या. "इथून वखराचं, इथून तिफणीचं," असं गल्लीले ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत होतो.

मोजणं संपलं, तवा फांद्यांमागून आवाज आला.

"झालं का भाऊ मोजून? आता दार मोकळं कर. पायावर छपराचं लाकूड पडलं हाय."

मी घरून कुऱ्हाड आणून फांद्या तोडल्या, पायावरचं लाकूड सारलं, चाचाले उचलून बाहेर आणलं. पाय टम्म सुजला होता.

"आधी आवाज काहून नाही दिला, चाचा?"

"दिला ना, दोनदा. तू मोजून राह्यला होता."

मंडळी, गेरू अजून माह्या बोटाले हाय. तुमी असते तर आधी काय पाह्यलं असतं, खोड का दार? खरं सांगजा.