प्रतिभा, द्रुत तीनताल

आमच्या ह्यांना माणसं वाजवायचं खूळ आहे. पेटीवर. तशी पेटी काय, वाजवणारे पुष्कळ आहेत. हे शाळेत संगीताचे मास्तर होते, शेखर मास्तर म्हणतात सगळे, आणि आता निवृत्त झाल्यावर पंचवटीतल्या आमच्या पुढच्या खोलीत क्लास चालतो. पण ह्यांचं मन क्लासमध्ये नाही. कुणी माणूस डोक्यात बसला की त्याची गत बांधायची. राग त्याच्या स्वभावाचा, लय त्याच्या चालीची. शब्द अजिबात नाहीत. शब्द आले की माणसाला सजवायचा मोह होतो, असं ह्यांचं म्हणणं. ह्याला हे स्वरचित्र म्हणतात. मी भिकेचे डोहाळे म्हणते.

चित्र काढायची पद्धतही ठरलेली. माणसाला समोर बसवायचं नाही, तो फोटोला बसल्यासारखा ताठ होतो. आपणच त्याच्या मागे जायचं, त्याचं काम चालू असताना बघायचं. बाजारात कुसाबाई मेथी-कोथिंबीर विकते, तिच्या शेजारी हे आठवडाभर सकाळचे गोणपाटावर जाऊन बसले. ती बिचारी घाबरली. तिला वाटलं, मास्तरांना मीच घरातून काढलंय. मला येऊन म्हणते, "बाई, काय झालं असंल ते मिटवून टाका, माणूस लय उदास बसतो."

उदास कसला, हे बघत होते. कुसाबाई एकदा भाव सांगते आणि गप्प बसते. गिऱ्हाईक कितीही घासाघीस करो, ती हूं की चूं करत नाही. शेवटी गिऱ्हाईकच कंटाळून पिशवी पुढे करतं. ह्यांनी तिला हमीर रागात बांधली. सुरुवात ठसक्यात, आणि समेवर यायच्या आधी काही मात्रा नुसत्या रिकाम्या. ऐकणाऱ्याची चुळबुळ होते, पेटी ढिम्म. मी स्वयंपाकघरात होते, तर वाटलं, कुसाबाईच येऊन बसली बाहेर. खोटं कशाला बोलू, माणूस गुणी आहे. म्हणून तर जास्त राग येतो.

माझा भाऊ भारतदादा चांदवडला कांदा करतो. त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला सगळे आहेर करत होते आणि ह्यांनी पेटी काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दादाचं चित्र असं उतरलं की काय सांगू. वरच्या सप्तकात नुसता आरडाओरडा, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी हळूच खाली येऊन गोंजारणं. दादा तसाच आहे, घर डोक्यावर घेतो आणि मग चहा प्यायलास का म्हणून विचारतो. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. दादा तेवढा म्हणाला, "दाजी, ते ठीक हे, पण आहेर कुठं हे?"

असं रिक्षावाल्या राजूचं झालं. दूधवाल्याचं झालं. समोरच्या घरात पाहुणी म्हणून दोन महिने आलेल्या मावशींचंसुद्धा झालं. माझं नाही.

मी विचारायची. लाजबीज नाही, सरळ विचारायची. "माझं कधी?" तर म्हणायचे, "तुझं काय, तू घरातलीच." पुन्हा विचारलं तर, "तुला तर मी ओळखतोच की." तळपायाची आग मस्तकात जायची. मला कौतुक नको होतं हो. परक्या माणसाच्या गप्प बसण्याच्या मात्रा मोजणारा हा माणूस, त्याला मी कशी दिसते, एवढंच एकदा ऐकायचं होतं. विचारून कळेल असंही नाही, बोलण्याच्या बाबतीत आमचे हे म्हणजे आनंदीआनंद. ऐकायचं तर पेटीवरच.

यंदा गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला क्लासच्या मुलांनी हॉल घेतला आणि हे जेवताना म्हणाले, "या वेळी तुझं वाजवतोय." पुढे काही नाही, भाजी वाढून घेतली. मी रात्री लग्नातली अंगठी घातलेला हात बघत बसले, वेड्यासारखी. दादा-वहिनीला फोन करून बोलावलं. नवी साडी नेसले. पहिल्या रांगेत बसले. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मला ते आवडत होतं.

ह्यांनी माइक घेतला. "आता प्रतिभा," म्हणाले, "हिच्या पायाला भिंगरी आहे. राग तिलंग, द्रुत तीनताल."

द्रुत म्हणजे पळती लय. तबल्याची थाप पडली आणि पेटीतून एक पोरगी धावत सुटली. जिने चढत होती, दोन-दोन पायऱ्या गाळत होती, मध्येच गिरकी घेत होती, कुणी हाक मारली की ओ देऊन तिसरीकडेच पळत होती. सुंदर होती. मी ओळखलं तिला. लग्न होऊन चांदवडहून आली होती ती, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत हंडे चढवायची आणि दमायची नाही. तिला बघून मला रडू आलं. वहिनीनं माझा हात दाबला, तिला वाटलं आनंदानं रडतेय. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मी उठून नमस्कार केला, खुर्चीच्या पाठीला धरून.

आज खुर्चीत बसलेल्या मला मात्र ह्यांनी बघितलंच नव्हतं.

हॉल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. हे पेटी मुलांकडे देऊन भराभर खाली उतरले आणि जिन्याच्या वळणावर माझ्यासाठी थांबले. चेहरा उजळलेला. "कशी वाटली?"

"छान होती," मी वरूनच म्हटलं. "कोण होती?"

"म्हणजे काय? तूच."

"मग बघा आता," मी म्हटलं, आणि उतरायला लागले. एका हाताने कठडा धरायचा. डावा पाय खाली ठेवायचा, मग उजवा त्याच पायरीवर त्याच्याशेजारी आणायचा. श्वास घ्यायचा. मग पुढची पायरी. डावा गुडघा वाकत नाही माझा, रोज असंच उतरते, घरचा जिनासुद्धा. मागून लोक येत होते, ते बाजूने निघून गेले. दादा खाली गाडीजवळून हाका मारत होता. मी घाई केली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे माझ्याकडे कुसाबाईकडे बघावं तसे बघत होते, आणि मी त्यांना सगळं बघू दिलं.

वळणावर पोचले तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला होता. "हे कधीपासून?" म्हणाले.

"तुम्ही निवृत्त झालात त्याच्याही आधीपासून."

हे खूप वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले. मग माझं लक्ष कठड्याकडे गेलं. ह्यांची बोटं त्यावर हळूहळू पडायला लागली होती. एक थाप, मग दुसरी तिच्याशेजारी, मग थांबणं. माझी लय शोधत होते.

"अहो," मी म्हटलं, "ती बोटं थांबवा. आधी हात द्या."